खोटी फाइल कोणी उघडलीच नाही

ऑफिसात तिला सगळे चाचणीबाई म्हणत. हे नाव ठेवलं होतं शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने, ज्याला स्वतःला सगळे लांब्या म्हणत, कारण तो दारातून वाकूनच आत येई. "ही बाई पाणी प्यायच्या आधी ग्लासाचीसुद्धा टेस्ट लिहील," असं तो म्हणायचा. तिला राग येत नसे. मनातून बरंच वाटे.

त्यांचं ऑफिस म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खिडकीतून समोरचं हॉस्पिटल दिसे आणि त्याच हॉस्पिटलचे प्रोग्राम हे लोक लिहीत. त्यातला एक प्रोग्राम चाचणीबाईकडे होता. दिवस भरायच्या आत जन्मलेली, दूध न पचणारी बाळं असत, त्यांना सगळं पोषण शिरेतून एका पिशवीने दिलं जाई. साखर किती, मीठ किती, पोटॅशियम किती, हे डॉक्टर रोज सकाळी प्रत्येक बाळासाठी ठरवत. चाचणीबाईचा प्रोग्राम ते आकडे गोळा करून एक फाइल तयार करायचा. बरोबर दोन वाजता औषध विभागातलं यंत्र ती फाइल वाचायचं आणि पिशव्या भरायला लागायचं.

आता असला प्रोग्राम तपासायचा तर खऱ्या फाइलीला हात लावून कसं चालेल? म्हणून टेस्टमध्ये खोटी फाइल असते. पायथन या संगणकाच्या भाषेत फाइल उघडायची जी सोय आहे तिच्या जागी एक बुजगावणं उभं करायचं. प्रोग्रामला वाटतं आपण फाइलीत लिहितोय. प्रत्यक्षात ते सगळं हवेत जातं आणि बुजगावणं तेवढं सांगतं, की मला एकदा उघडलं, हे हे लिहिलं.

तिची नणंद त्याच हॉस्पिटलात, त्याच बाळांच्या वॉर्डात सिस्टर होती. नवऱ्याहून सात वर्षांनी मोठी, लग्न न केलेली, त्यांच्याच घरात राहणारी. वॉर्डात वीस वर्षं काढलेली. चाचणीबाई तिला ताई म्हणे आणि जरा वचकूनच असे. ताईला ही खोट्या फाइलींची गोष्ट एकदा जेवताना सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे भातुकलीच की. पगार मात्र खरा घेता." नवरा हसला होता. चाचणीबाईही हसली होती, पण ते बोलणं तिला लागलं होतं.

त्या दिवशी दुपारी पावणेदोनला तिने सगळ्या टेस्ट एकदम चालवायला लावल्या. चारशेच्या वर होत्या, तीन-चार मिनिटं लागत. लांब्या उठला आणि म्हणाला, "चल लवकर, कँटीनमध्ये जागा नाही मिळायची." निकाल काय लागेल ते नंतर बघू, पळून थोडाच जातोय, असं म्हणून ती गेली. जेवण झालं, गप्पा झाल्या, कोणाच्या तरी बदलीचा विषय निघाला. परत येऊन खुर्चीत बसली तेव्हा दोन चाळीस झाले होते.

पडद्यावर एकच टेस्ट लाल, म्हणजे नापास होती. बाकी सगळ्या हिरव्या.

तिने ओळ वाचली. टेस्ट म्हणत होती, फाइल एकदा उघडली जायला हवी होती. प्रत्यक्षात शून्य वेळा उघडली.

"अरे, ही तुझ्या बदलानंतर पडली वाटतं," ती लांब्याला म्हणाली. "काल संध्याकाळी तू फाइल लिहायची पद्धत बदललीस ना?"

"हो, सांगितलं होतं की तुला जिन्यात. जुनं काढून पाथवाली पद्धत घातली. सुटसुटीत आहे."

जिन्यात सांगितलं होतं खरं. तिने 'बरं बरं' म्हटलं होतं, कारण तिच्या हातात चहाचे दोन कप होते. नवी पद्धत जुन्या वाटेने जातच नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे तिने पुढच्या दारात पहारेकरी बसवला होता आणि घरातली माणसं मागच्या दाराने ये-जा करू लागली होती. एवढंच ना? पाच मिनिटांत दुरुस्त होईल. तिने कीबोर्डवर बोटं ठेवली आणि तिथेच ती थबकली.

खोटी फाइल कोणी उघडलीच नाही. पण प्रोग्राम तर शेवटपर्यंत चालला होता. त्याने लिहिलं होतं. मग त्याने लिहिलं कुठे?

टेस्टमध्ये फाइलीचा पत्ता तिने खराच ठेवला होता. फाइलच खोटी आहे, मग पत्ता कुठला का असेना, असा हिशोब. तो पत्ता तिच्या संगणकावर एरवी कुठेच पोचत नसे. पण गेल्या आठवड्यात औषध विभागाची एक तक्रार आली होती, ती पाहायला तिने हॉस्पिटलचा खरा फोल्डर आपल्या संगणकाला जोडून घेतला होता. आठवड्यापुरती परवानगी मिळाली होती. तक्रार मिटली, पण फोल्डर काढायचा राहिला. आज काढू, उद्या काढू.

तिने फोल्डर उघडला. आजच्या तारखेची फाइल होती. शेवटचा बदल, एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

फाइल उघडली. आठ ओळी, आठ बेड. सगळे आकडे तिचे होते, टेस्टसाठी तिनेच लिहिलेले. आणि सगळ्यात वाईट हे, की ते आकडे चांगले होते. दुसऱ्या कोणी टेस्ट लिहिली असती तर नऊशे नव्याण्णव असलं काहीतरी ठोकून दिलं असतं, आणि ते बघून यंत्रानेच आरडाओरडा केला असता. पण ती चाचणीबाई होती. जुने कागद बघून तिने अगदी खरे वाटतील असे आकडे निवडले होते. कोणत्याही यंत्राला, कोणत्याही माणसाला त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. फक्त ते त्या आठ बाळांचे नव्हते.

दोन वाजता यंत्राने फाइल वाचली होती. चाळीस मिनिटं होऊन गेली होती.

"काय झालं?" लांब्याने विचारलं. तिने पडद्याकडे बोट दाखवलं. त्याने वाचलं, वेळ बघितली आणि तो खुर्चीतच मागे सरकला. "अगं आई गं," तो म्हणाला.

तिने औषध विभागाला फोन लावला. वाजत राहिला. पिशव्या भरायच्या वेळी तिथली माणसं आतल्या निर्जंतुक खोलीत असतात, टोप्या, मास्क, हातमोजे घालून. बाहेरचा फोन कोणी घेत नाही. तिला माहीत होतं. तरी तिने पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

तेवढ्यात लांब्याने साहेबांना बोलावून आणलं. साहेब वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं ऐकलं, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आधी फाइल नीट करा. डॉक्टरांचे आकडे आपल्याकडे आहेतच, दोन मिनिटांत नवी फाइल तयार होईल. मग बघू यंत्राने जुनी वाचली की नाही. उगाच बोभाटा नको. कदाचित काही झालंही नसेल."

"सर, दोन वाजताच वाचली असणार."

"असणार म्हणजे? खात्री आहे का? खात्री नसताना आपण हॉस्पिटलला काय सांगणार?"

क्षणभर तिला वाटलं, खरंच, काही झालंही नसेल. मनाला असं वाटून घ्यायची किती घाई असते. मग तिने वॉर्डाचा नंबर फिरवला. साहेब "अहो, थांबा जरा" म्हणत होते, पण तोवर पलीकडून फोन उचलला गेला होता.

"बाळांचा वॉर्ड." ताईचाच आवाज.

"ताई, मी बोलतेय."

"आत्ता? ड्यूटीवर आहे मी. घरी काही झालंय का?"

"घरी नाही. ताई, आजच्या पोषणाच्या पिशव्या आल्या का वर?"

"चारला येतात. का?"

चाचणीबाईने श्वास सोडला.

"एक आलीय तेवढी," ताई म्हणाली. "चार नंबरची आधीची पिशवी संपत आली होती म्हणून आम्हीच सांगून लवकर मागवली. दहा मिनिटं झाली, लावली मी."

"ताई, त्यावर पोटॅशियम किती लिहिलंय बघ."

"तुला काय करायचंय गं—"

"ताई, बघ ना! पाया पडते तुझ्या!"

ताईशी या आवाजात ती आजवर कधी बोलली नव्हती. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. रबरी तळव्यांच्या चपलांचा आवाज दूर गेला. कुठलं तरी यंत्र टिक टिक करत होतं. मग ताई परत आली.

"दोन."

"आणि डॉक्टरांच्या कागदावर?"

कागद उलटल्याचा आवाज.

"शून्य," ताई म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता. "याला कालपासून लघवी होत नाहीये. सकाळीच बंद केलंय पोटॅशियम. साठलं तर हृदयच थांबतं." मग रिसीव्हर आपटल्यासारखा खाली पडला, आणि लांबून ताईचं ओरडणं ऐकू आलं, "डॉक्टर! चार नंबर! पिशवी बंद करा, आधी पिशवी बंद करा!"

चाचणीबाई धावली. लिफ्टची वाट न बघता तीन मजले उतरली. रस्त्यावर एक सायकलवाला तिच्या अंगावर खेकसला, ते तिला ऐकू आलं पण कळलं नाही. औषध विभाग हॉस्पिटलच्या तळघरात होता. दारावरच्या वॉचमनने हात आडवा धरला.

"कार्ड?"

कार्ड टेबलावर राहिलं होतं. "काका, आत पिशव्या भरतायत, त्या चुकीच्या आहेत. थांबवा त्यांना. मला आत सोडू नका हवं तर, पण तुम्ही थांबवा."

वॉचमनने तिच्याकडे पाहिलं. केस सुटलेले, एका पायातली चप्पल गेलेली. त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. आत जाऊन तो निर्जंतुक खोलीची काच मुठीने बडवू लागला. तसं करायची सक्त मनाई होती, तसा बोर्डच लावलेला होता.

मुख्य फार्मासिस्ट बाई संतापून बाहेर आल्या. मास्क हनुवटीखाली ओढून म्हणाल्या, "काय चाललंय हे?" चाचणीबाईने सांगितलं. किती सलग सांगितलं, किती तुटक, तिला नंतर आठवेना. बाईंचा चेहरा मात्र आठवला. आधी लाल, मग पांढरा.

"सहा भरून तयार आहेत," त्या म्हणाल्या. "शेवटची यंत्रावर आहे. आणि एक वर गेली."

"वरची बंद केलीय."

बाईंनी आत जाऊन यंत्राचं लाल बटण दाबलं. मग डॉक्टरांचे कागद मागवले आणि एकेक पिशवी समोर धरून ताडून पाहिली. दोन नंबरच्या बाळाला हवी त्याच्या निम्मीच साखर होती. सात नंबरला मीठ दुप्पट. त्या प्रत्येक पिशवीवर जाड पेनाने फुली मारत होत्या.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, वॉर्डाच्या काचेबाहेर ती पोचली तेव्हा आत चार नंबरच्या काचेच्या पेटीभोवती तिघं उभे होते. बाळ दिसत नव्हतं. दिसत होता तो फक्त वर पडद्यावर हिरवा ठोका. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी ती प्रत्येक ठोका मोजत राहिली. मध्ये एक ठोका जरा लांबल्यासारखा वाटला आणि तिने भिंतीला हात टेकला.

ताई बाहेर आली. अकरा मिनिटं पिशवी चालली होती. रक्त घेतलं होतं, रिपोर्टला अर्धा तास लागणार होता.

"डॉक्टर म्हणतात, अकरा मिनिटांत जेमतेम एक मिली गेलं असेल," ताई म्हणाली. "रात्रभर चाललं असतं तर..." ती हात एप्रनच्या खिशात घालत होती, काढत होती.

"माझी चूक आहे, ताई. फाइल माझ्या—"

"लेबल मी वाचलं नाही. बेड नंबर बघितला, तारीख बघितली आणि लावली. एकेक आकडा कागदाशी ताडायचा असतो. नव्या मुलींना मीच शिकवते ते." ती भिंतीकडे बघत बोलत होती. "डॉक्टरांना सांगितलं मी, पिशवी मी लावली. तुझं तू सांग."

चाचणीबाईने सांगितलं. डॉक्टर ऐकून घेत होते तेव्हा त्यांच्या मागे बाकावर एक बाई येऊन बसली होती. अंगावर हॉस्पिटलचा झगा, केस विंचरलेले नाहीत. चार नंबरची आई. तिने सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही डॉक्टर का?" तिने चाचणीबाईला विचारलं.

"नाही. मी ऑफिसात असते. संगणकाचं काम करते."

"मग माझ्या बाळाच्या पिशवीत तुमचा काय संबंध?"

याचं उत्तर सोपं करून सांगायचा चाचणीबाईने प्रयत्न केला. की एक खोटी यादी होती, फक्त तपासणीसाठी केलेली. ती चुकून खऱ्या यादीच्या जागी गेली. माझ्यामुळे गेली. कळल्याबरोबर फोन केला. त्या आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "कळलं म्हणून केलात. नसतं कळलं तर?"

चाचणीबाई तिच्याजवळ बाकावर बसायला गेली.

"आता जा तुम्ही इथून," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्याने तुमच्याकडे बघवत नाहीये."

ती जिन्यात जाऊन बसली. अर्धा तास म्हणाले होते, पन्नास मिनिटं झाली. साहेबांचे चार फोन येऊन गेले होते, ते तिने घेतले नाहीत. त्या पन्नास मिनिटांत तिने जेवढ्या देवांची नावं माहीत होती तेवढी घेऊन पाहिली. एकदाही एक नाव पूर्ण म्हणता आलं नाही, मध्येच तो 'शून्य' ऐकू यायचा. एकदा कोणीतरी घाईघाईने धावत गेलं, आणि ती उठून उभी राहिली. ते धावणारं माणूस दुसऱ्याच वॉर्डात गेलं होतं.

शेवटी ताई आली. दोन पायऱ्या वर उभी राहिली.

"पोटॅशियम सकाळपेक्षा किंचित वर आहे. धोका नाही म्हणाले. रात्रभर लक्ष ठेवणार आहेत." आणि मग ती बावन्न वर्षांची, सगळ्या घराला धाकात ठेवणारी बाई पायरीवर बसली आणि तोंडात पदराऐवजी एप्रनचं टोक कोंबून रडायला लागली. चाचणीबाई तिच्याजवळ सरकली.

नवी फाइल, डॉक्टरांनी प्रत्येक ओळीवर सही केलेली, पाच वाजता यंत्रात गेली. सातच्या आत आठही पिशव्या वर पोचल्या. तोवर बाळांना शिरेतून साधं साखरेचं पाणी चालू ठेवलं होतं.

पुढे चौकशी झाली. चाचणीबाईने आपलं निवेदन स्वतः लिहिलं. साहेबांनी 'तांत्रिक बिघाड' असा शब्द सुचवला होता, तो तिने घेतला नाही. ताईनेही तिचं लिहिलं. दोघींना लेखी ताकीद मिळाली. खरा फोल्डर ऑफिसातल्या कोणालाही परस्पर जोडता येऊ नये अशी व्यवस्था झाली. साहेबांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. लांब्याने आपण बदल फक्त जिन्यात सांगितला होता, हे आपणहून लिहून दिलं. तसं त्याला कोणी विचारलं नव्हतं.

तिला वाटलं होतं आता भीती ओसरेल. पण खरी भीती त्यानंतरच्या सोमवारी वाटली. तिने टेस्टच्या वर एक पहारा लिहिला. आता तो एका दारापुरता नव्हता, सगळ्या घराला होता: कोणतीही टेस्ट तात्पुरत्या फोल्डरच्या बाहेर एक अक्षर जरी लिहायला गेली, तर तिथल्या तिथे थांबव. मग तिने चारशे टेस्ट चालवल्या आणि या वेळी उठली नाही. पडद्यावर लाल ओळी येऊ लागल्या. एक. दोन. पाच. ती खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसली. अकरा झाल्या.

अकरा टेस्ट. त्यातल्या काही दोन-दोन वर्षांच्या जुन्या, तिनेच लिहिलेल्या, रोज हिरव्या दिसणाऱ्या. इतके दिवस त्या खऱ्या डिस्कवर कुठे ना कुठे लिहीत होत्या आणि कोणाचं काही बिघडलं नाही, याला कारण फक्त इतकंच, की त्या जागी कोणाचं काही ठेवलेलं नव्हतं. लांब्याने तिच्या खांद्यावरून ते पाहिलं. त्याला विनोद सुचला नाही. त्याने आपली खुर्ची तिच्या टेबलाशी ओढली आणि म्हणाला, "सहा तू घे, पाच मी घेतो."

नऊ दिवस लागले.

चार नंबरच्या बाळाला महिन्याभराने घरी सोडलं, तेव्हा त्याचं वजन एक किलो नऊशे होतं. हे ताईने रात्री जेवताना सांगितलं, कोणाकडे न बघता, ताट पुढे ओढत. चाचणीबाईने घास खाली ठेवला. नवऱ्याने विचारलं, "कोणतं बाळ?" तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि ताई म्हणाली, "आहे एक. तू जेव."